डावा उगा आहे

रविवार, २३ नोव्हेंबर. अड्यार, चेन्नई

पोचले एकदाची. दोन बॅगा, लॅपटॉप, आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि ही नवी वही, सगळं धड आलं. छत्रीचा दांडा तेवढा मोडला. उद्या सिरुसेरीच्या ऑफिसात हजर व्हायचं. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस आणि बाकी घरून काम, म्हणजे घर चांगलं मिळणं गरजेचं होतं, आणि ते मिळालं. इथे भाड्याच्या भागाला पोर्शन म्हणतात. माझं पोर्शन वरचं आहे. एक खोली, न्हाणी आणि जाळीची चिंचोळी गॅलरी. तिथून खालचं फाटक, व्हरांडा आणि रस्त्याचा तुकडा दिसतो.

घरमालकीण वसंता, वय चौऱ्याहत्तर, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. खाली एकट्याच राहतात. मला म्हणाल्या, अक्का म्हण. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्या पाच मिनिटांत दोनदा हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. जेवण जाहलं की, असं विचारतात. ठाऊक नाही म्हणायचं तर मज ठावं नाही म्हणतात, आणि त्याच वाक्याची शेपटी तमिळमध्ये. बखरीतलं कोणीतरी सांबार वाढतंय असं वाटत राहतं. पानात डांगर पच्चडी होती. म्हटलं, हे तर आमचं डांगरच की. त्यावर त्या इतक्या खूश झाल्या की आणखी दोन पळ्या वाढल्या.

हॉलमध्ये मात्र माझी नजर एका वस्तूवर अडकली. काळा रंग दिलेली लोखंडी पेटी, तिच्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे पाच व्हॉल्व्ह उभे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, एक मध्ये. अँप्लिफायर, तोही घरी बांधलेला. अक्कांचे यजमान अनंतकृष्ण बँकेत होते आणि सुट्टीच्या दिवशी हा एकच उद्योग करत. ते जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर आहेत आणि शेजारी रेकॉर्ड प्लेअर.

मला व्हॉल्व्हमधलं कळतं याचं अक्कांना नवल वाटलं. वडील काय करत, असं त्यांनी विचारलं. सांगितलं, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर होते, पुण्यात मोठ्या कंपनीत, तीन वर्षांपूर्वी गेले. सोल्डरिंग वगैरे मी शिकले ते विट्याला, आमच्या गल्लीत भीमसेन नावाचे एक रेडिओ दुरुस्तीवाले होते त्यांच्याकडून. लहानपणी त्यांच्या दुकानात पडीक असायचे.

खोलीत वारा छान येतो. झोप लागेल असं वाटतंय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळी आठला अक्का रेकॉर्ड लावतात. मी कॉफीचा टंबलर घेऊन खाली जाते आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसते. आवाज काय सांगू. व्हॉल्व्हच्या अँपचा आवाज म्हणजे गाणारा माणूस समोर बसून श्वास घेतो तो पण ऐकू येतो. पण येतो एकाच बाजूनं. डावा स्पीकर मेलेला आहे. त्याच्यावर धुतलेला पंचा टाकून ठेवलाय, आणि अक्कांची वेताची खुर्ची उजव्याला चिकटून.

विचारलं, डाव्याला काय झालंय. अक्का म्हणाल्या, डावा उगा आहे. उगा असू दे.

आमच्याकडे विट्याला उगा म्हणजे विनाकारण. उगा कशाला त्रास, उगा आपलं. तेव्हा मला कळलं ते असं की डावा उगाच आहे, नावाला, पडू दे तसाच. जुनी माणसं भिडस्त असतात, दुसऱ्याला काम सांगायचं म्हणजे संकोच. माझा स्वभाव उलटा. कोणी पडू दे म्हटलं की माझे हात शिवशिवतात. शनिवारी अक्का दिवसभर तिरुवल्लिकेणीला बहिणीकडे जाणार आहेत. परत येतील तेव्हा दोन्ही बाजूंनी गाणं. चेहरा बघण्यासारखा होईल त्यांचा.

खरं लिहायचं तर चेहऱ्यापेक्षा मला ते वाक्य ऐकायचंय, की पोरगी हुशार आहे, बापाच्या वळणावर गेलीय.

शनिवार, २९ नोव्हेंबर

झालं. लागला. सविस्तर लिहिते, कारण असं सरळ सुटलेलं काम रोज मिळत नाही.

अक्का नऊच्या बसनं गेल्या. आधी स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. डावा स्पीकर उजव्या बाजूला जोडला तर वाजला, म्हणजे स्पीकर ठणठणीत. मग व्हॉल्व्ह बदलून पाहिले, डावीकडचे उजवीकडे आणि उलट. तरी डावंच मुकं, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. बंद करून, पेटी उलटी करून खालचा पत्रा काढला. आत कपॅसिटरमध्ये मरणाचा करंट साठून राहतो, तो आधी रेझिस्टर लावून उतरवला. मग परत चालू करून मीटर लावला. डावा हात जीन्सच्या खिशात. भीमसेनांचा पहिला धडा तोच, चालू सेटमध्ये एकच हात घालायचा, डावा खिशात, नाहीतर करंट एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हाताला जातो. त्यांचा हात रस्त्यानं चालतानाही खिशात असायचा.

विजेचा दाब दोन्ही बाजूंना सारखा. पुढच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, डावा स्पीकर गुरगुरला. मागच्या लहान व्हॉल्व्हला लावलं, काही नाही. म्हणजे आवाज लहान व्हॉल्व्हपर्यंत येतो आणि मोठ्याकडे जाताना वाटेत हरवतो. वाटेत असतो फक्त एक कपॅसिटर.

तो बघितला आणि जरा थांबले. त्याचा एक पाय कापलेला होता. तुटलेला नव्हे, कापलेला. टोकावर पिवळी नळी चढवून, पाय हळूच बाजूला वळवून ठेवलेला, दुसऱ्या कशाला लागू नये म्हणून. इतकं नीटनेटकं काम चुकून होत नाही. आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला लाल रंगानं, ब्रशनं लिहिलेलं होतं: डावा उगा ठेवला. अ. कृ.

मी मोठ्यानं हसले. बघा, स्वतःच कबूल केलंय, उगा ठेवला म्हणून. काहीतरी प्रयोग करायला सोडवला असेल आणि मग राहून गेला असेल. असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर कोणीतरी जाणूनबुजून सोडवलेली तार दिसली की आधी विचारायचं असतं, हेही मला शिकवलेलं होतं. पण विचारलं असतं तर सरप्राइज गेलं असतं. नळी काढली, तारेचा तुकडा जोडला, डाग दिला. भीमसेन सोल्डरला डागच म्हणत.

रेकॉर्ड लावली. दोन्ही बाजूंनी गाणं उभं राहिलं. मी हॉलच्या मध्ये उभी राहून थोडी रडलेच.

एक बारीक गोष्ट राहिली. रेकॉर्ड संपल्यावर उजवीकडे शांतता आणि डावीकडे टकटक असं येतंय, थांबून थांबून. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं काचेवर मारल्यासारखं. व्हॉल्व्ह ढिला असेल, उद्या बघते.

रविवार, ३० नोव्हेंबर

चेहरा बघण्यासारखा झाला, पण मी ठरवला होता तसा नाही.

सकाळी आठला अक्कांनी रेकॉर्ड लावली आणि पंच्याखालून आवाज आला. त्या खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मग सुई उचलली. टकटक चालूच होती. त्यांनी मला विचारलं, डाव्यास हात लाविलीस की.

मी म्हटलं, नाही हो अक्का. फक्त धूळ पुसली. आतला एखादा सांधा ढिला असेल, आपोआप लागला असेल.

का खोटं बोलले मी? कोणी मारणार नव्हतं. चूक झाली, तोडून देते, इतकंच म्हणायचं होतं. पण समोरचा नाराज झालेला दिसला की माझ्या तोंडातून आधी खोटंच बाहेर पडतं, कायमचं असंच आहे. अक्का स्वयंपाकघरात निघून गेल्या. दिवसभर जेवायला ये याशिवाय काही बोलल्या नाहीत.

मंगळवार, २ डिसेंबर

आज दुपारी, घरून काम करताना, पाणी आणायला खाली गेले. अँप बंद. मी स्वतः बटण बघितलं, बंदच होतं. व्हॉल्व्ह थंड. आणि डाव्या स्पीकरमधून कोणीतरी घसा खाकरला. मग टकटक. मग पुरुषाचा आवाज, अगदी हळू, आजारी लेकराशी बोलतात तसा: कुठं दुखतंय रे तुला. सांग की.

हातातली बाटली पडली. पाणी पुसलं, वर आले आणि कडी लावून बसलेय.

तो आवाज मला माहीत आहे. व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं टकटक करत उघडलेल्या प्रत्येक रेडिओला हे विचारलं जायचं. आता या वहीत तरी खरं लिहायला पाहिजे, कारण पहिल्याच पानावर मी वहीलासुद्धा फसवलंय. भीमसेन रेडिओवाले हे आमच्या गल्लीतले कोणी नव्हते. ते माझे वडील. मी त्यांना बाबा म्हणायचे. पुण्यातली कंपनी, इंजिनियर, सगळं थापा. विट्याला स्टँडमागे आठ बाय दहाचं दुकान होतं, त्यातच माझं शिक्षण झालं आणि त्याच्यावरच पुण्याचं इंजिनियरिंगही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना ते पुण्यात तपकीर गल्लीत पार्ट घ्यायला आले आणि न सांगता माझ्या होस्टेलवर. शर्टाला पोटावर सोल्डरनं पडलेली बारीक भोकं, खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात रव्याच्या लाडवांचा डबा, डावा हात खिशात. मी संयुक्ता आणि बाकीच्या मैत्रिणींबरोबर दारात उभी होते. त्या सगळ्यांना मी आधीच कंपनीतले इंजिनियर सांगून ठेवलेले. संयुक्तानं विचारलं, हे कोण. मी म्हणाले, रिपेअरवाले आहेत, मेसचा मिक्सर बघायला बोलावलेत.

बाबांनी ऐकलं. एकदाच माझ्याकडे बघितलं. मग संयुक्ताला म्हणाले, व्हय, मॅडमनी बोलावलं होतं. मिक्सर कुठाय?

आणि त्यांनी खरंच तासभर मेसमध्ये खाली बसून तो मिक्सर दुरुस्त केला. मी वर खोलीत जाऊन बसले. जाताना बाबा लाडवांचा डबा वॉचमनकडे देऊन गेले. त्यानंतर नऊ वर्षं जगले, एका शब्दानं कधी बोलले नाहीत, आईलाही सांगितलं नाही. मी माफी मागायची रोज ठरवायचे. मग एक दिवस सकाळी दुकानाचं शटर उचलताना गेले.

ही गोष्ट मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहिली. लिहून हलकं वाटेल म्हणतात. नाही वाटत.

गुरुवार, ४ डिसेंबर

ऑफिसातून सातला आले. अक्का फाटकाजवळच भेटल्या. म्हणाल्या, चार वाजता एक जण आला होता. मराठी बोलत होता, तुमच्याकडची. फाटकाबाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. विचारलं काय पाहिजे, तर म्हणाला, मॅडमनी बोलावलं होतं, डावा कुठाय?

अक्कांनी विचारलं, तुझ्या ओळखीचा का.

रिपेअरवाले असतील, मी म्हणाले.

शब्द तेच. नऊ अधिक तीन, बारा वर्षांनी तेच शब्द आणि तितक्याच सहज. अक्का म्हणाल्या, असेल. पण नवल, कॉफी दिली तर उजव्या हातानं घेतली, खिशातला डावा हात काही काढला नाही.

घसा बसलाय. एसीमुळे असेल.

शनिवार, ६ डिसेंबर

अक्कांनी आज मला समोर बसवून विचारलं, खरं सांग, डावा तू जोडलास. मी हो म्हटलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मी सांगितलं होतं, डावा उगा आहे, उगा असू दे. मी म्हटलं, अक्का, तुम्ही उगाच आहे म्हणालात म्हणून मला वाटलं कामाचा नाही. त्या गोंधळल्या. मग आम्ही दोघी एका शब्दावर बसलो. त्यांच्या मराठीत उगा म्हणजे गप्प. उगा बस म्हणजे गप्प बस. डावा उगा ठेवला म्हणजे डाव्याला गप्प केलं. रडणाऱ्या तान्ह्या पोराला आम्हीपण उगी उगी म्हणतो की. इतकं साधं होतं आणि मी हसले होते.

गप्प का केलं तेही सांगितलं. अनंतकृष्णांचे थोरले भाऊ तंजावरला असत, फार गरिबीत. एकदा ते या घरी आले तेव्हा बँकेचे साहेब जेवायला होते. अनंतकृष्णांनी आतून निरोप दिला की घरी कोणी नाही. भाऊ संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसले आणि निघून गेले. वर्षभरात वारले. मग अँप बांधला, आणि डाव्या बाजूनं भाऊ बोलायला लागले. ज्याला आपण दारात परकं केलं तोच डावीकडून बोलतो, असं यजमान म्हणत. नंतर भाऊ आलेच. एकदा फाटकाशी, एकदा व्हरांड्यात, तिसऱ्यांदा इथे हॉलमध्ये. तेव्हा अक्कांनी यजमानांना मुद्दाम विचारलं, हे कोण. नुसतं माझा भाऊ म्हटलं असतं तरी झालं असतं. त्यांनी त्याऐवजी पेटी उलटी केली आणि तार कापली. भाऊ उठून गेले, परत आले नाहीत. आणि त्या दिवसापासून यजमानांचा आवाज गेला. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. एकोणीस वर्षं पाटीवर लिहून संसार केला. सगळं लिहीत, मीठ आण, वीज गेली. भाऊ हा शब्द मात्र हात लिहीत नसे. त्या जागी रेघ ओढत.

मग अक्कांनी विचारलं, तुझ्याकडे आलेला तो कोण?

दार उघडं होतं. त्यांनी मला सगळं सांगून, हाताला धरून दारापर्यंत नेलं होतं. आणि मी म्हणाले, भीमसेन म्हणून आमच्या गल्लीतले मेकॅनिक होते, त्यांच्यासारखा वाटतो.

का? कारण पहिल्या दिवशी मी इंजिनियर सांगितलं होतं. एवढ्याचसाठी. माझी मलाच किळस येते.

सोमवार, ८ डिसेंबर

सकाळच्या मीटिंगमध्ये मी बोलत होते आणि टीम लीड सांगत होता, ऋजुता, यू आर ऑन म्यूट. नव्हते म्यूटवर. माइक बदलला, हेडफोन बदलले. तीनदा सांगितलं त्यानं. शेवटी टाइप केलं.

दुपारी पेटी उलटी करून मीच लावलेली तार कापली. पाचही व्हॉल्व्ह उपटून टोपलीत ठेवले. वायर भिंतीतून काढली.

टकटक चालू आहे. व्हॉल्व्ह नाहीत तर कशावर मारतायत?

बुधवार, १० डिसेंबर

चार वाजता फाटक वाजलं. गॅलरीच्या जाळीतून बघितलं.

तोच शर्ट. पोटावरची भोकं इथूनही दिसली. पिशवी. डावा हात खिशात. व्हरांड्यात बसले, चप्पल बाहेर काढून, कोणाच्याही घरी बसायचे तसे, खुर्चीच्या टोकावर. अक्कांनी पाणी दिलं. काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली.

अक्का जिन्याशी येऊन म्हणाल्या, ऋजुता, आलेत, खाली ये.

मी जिन्यात गेले. दोन पायऱ्या उतरले. मग हातानंच खूण केली, नाही म्हणून सांगा. घरात नाही.

बसल्या जागेवरून त्यांना जिना दिसत होता. मी दिसत होते. लगेच उठले. असू द्या म्हणाले, मॅडम कामात असतील, शनिवारी परत येतो. पायरीवरची चप्पल घातली आणि फाटक आवाज न करता लावून गेले.

असं का वागते मी? भुताला भिऊन नाही. अक्कांसमोर थाप उघडी पडेल म्हणून.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आवाज नाही. बसलेला नाही, नाहीच. आईचा फोन आला. ती हॅलो हॅलो करत राहिली, ऋजू, बोल की, आवाज येत नाही तुझा. मी ओरडत होते. मग ती तिथे कोणाला तरी म्हणाली, लाइन उगा लागलीय, आणि ठेवला.

तिला मेसेज लिहायला घेतला. मला — ची आठवण येते. तीनदा लिहिलं. तीनदा रेघ आली. फोनवरही रेघच.

मागचं पान उघडलं, दोन तारखेचं. तिथे शब्द आहे. मीच लिहिलाय. बघून बघून अक्षर काढायला गेले, शाळेतल्यासारखं. पहिलं अक्षर —

नाही.

अक्का वर आल्या, माझ्याजवळ बसल्या. त्यांना न सांगता कळलं. म्हणाल्या, उद्या येईल तो. तिसरी खेप. उद्या मी विचारीन. तू सांग. कसंही सांग.

शनिवार, १३ डिसेंबर

चार वाजून पाच. वही घेऊन खालीच बसलेय, पायरीवर. बोलता येत नाही, लिहून तरी दाखवीन.

आलेत. फाटक, व्हरांडा — थांबले नाहीत — हॉल.

पेटीसमोर मांडी घातली. पिशवीतून चष्मा, पेन्सिल, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न. व्हॉल्व्ह एकेक उजव्या हातानं परत बसवले. माझ्याकडे बघत नाहीत. दहा फुटांवर आहे मी.

पेटीला विचारतायत, कुठं दुखतंय. आता तो आवाज स्पीकरमधून नाही, त्यांच्या तोंडातून येतोय.

मी कापलेली तार त्यांनी बघितली. म्हणाले, डाग बरा होता, कुणी शिकवला असंल त्यानं नीट शिकवलंय. कापायला नको होता.

अक्कांनी त्यांनाच विचारलं — या मुलीची आणि तुमची ओळख काय?

मान खालीच. म्हणाले, ओळख न्हाई. मॅडम गिऱ्हाईक हायत.

माझ्यासाठी. अजून. मला लाज वाटू नये म्हणून — मिक्सरसारखंच — तेच खोटं माझ्यासाठी धरून बसलेत. मेल्यावरही. मी भीत होते, ते मला शिक्षा करायला आलेत म्हणून, आणि ते —

तार जोडली. झालं म्हणतायत. चष्मा पिशवीत. उठतायत.

अक्का माझ्याकडे वळल्या. विचारतायत. ऋजुता, हे कोण?

दारापर्यंत गेले. चप्पल घालतायत. हात खिशात. थांबलेत का? पाठ आहे, दिसत नाही —

तोंड उघडलं. काही नाही. लिहिते. अक्का, इकडे बघा, हे वाचा, त्यांना थांबवा, मोठ्यानं वाचा

अक्का, हे माझे